सीटमागची

गाडीत ठेवायची बंदूक
तुमची सगळ्यात चांगली बंदूक नसते,
हे मी दुकानात येणाऱ्याला आधीच सांगतो.
चांगली बंदूक घरी, कपाटात, तेल पिऊन झोपते.
ही सीटमागे, जॅक आणि फावड्याच्या शेजारी,
उणे तीसात आखडते, जुलैत भाजते,
वैरणीचा भुसा खाते, सांडलेली कॉफी पिते.
तिला ओरखडा पडला तर
तुम्हाला वाईट वाटता कामा नये.

पूर्व मोंटानातलं आमचं गाव म्हणजे
एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि हे माझं दुकान:
खिळे, गळ, गुरांची औषधं, बंदुका.
पुढचं गाव सत्तर मैल.

मार्चमध्ये व्हर्लीन स्कोगस्टाड आली.
फिरती नर्स. म्हाताऱ्यांच्या जखमा बांधत
आठवड्याला नऊशे मैल गाडी हाकते.
बूट पुसून आत आली. इथे कुणी पुसत नाही.
म्हणाली, गाडीसाठी एक पाहिजे.

मी नेहमीचं सुरू केलं.
पिस्तूल? डॅशबोर्डच्या खणात मावतं,
पण नेम धरायला रोज हात बसवावा लागतो,
आणि तुला रोज धड जेवायला मिळत नाही.
शॉटगन? भरवशाची, पण लांबडी, दारात अडते.
ही नवी काळी, दुर्बीणवाली?
महिन्याभरात कुणीतरी काच फोडून नेईल,
तू रडशील, मी दुसरी विकीन.
ती हसली नाही.

मग विचारलं, जे आधी विचारायचं असतं:
कशासाठी?

काउंटरवरच्या गळांकडे बघत राहिली.
हरणी होती, म्हणाली. गाभण असावी.
बावन्नाव्या मैलापाशी. माझ्याच गाडीखाली.
मागचे दोन्ही पाय गेलेले.
पुढच्या पायांवर स्वतःला ओढत होती,
थांबत होती, माझ्याकडे बघत होती, परत ओढत होती.
फोनला रेंज नाही. चाळीस मिनिटं दुसरी गाडी नाही.
पिशवीत मॉर्फिन होतं, ॲग्नेस टोफ्टचं,
थेंबाथेंबाचा हिशेब लिहिलेलं.
आणि मागे जॅकचा दांडा.

दांडा, एवढंच परत म्हणाली,
आणि हात खिशात घातले.

माझ्या जिभेवर विक्रीचे आणखी चार शब्द होते.
गिळले.

आत जाऊन ऑर्व्हल नायगार्डची थर्टी-थर्टी काढली.
आखूड, लिव्हरची, दस्त्याला काळी टेप,
नळीवर काटेरी तारेची जुनी रेघ.
पोरांनी शेत विकलं तेव्हा ट्रॅक्टरच्या मागोमाग आलेली.
किंमत इतकी कमी सांगितली की
बायको असती तर तिने मला आत बोलावून घेतलं असतं.

फॉर्म भरला. फोनवरून नाव तपासलं.
मागच्या माळावर वारा कापत होता,
तरी तिसऱ्या बाराला रंगाचा डबा पडला.
हात हलला नाही तिचा, सुई टोचणारा हात.
म्हटलं, भरून ठेवू नकोस. बंदूक कुलपात,
गोळ्या वेगळ्या.
औषधासारख्या, ती म्हणाली.

वीस काडतुसांचा एक खोका घेतला.
आणि जाता जाता, मी न सुचवता,
जॅकचा एक नवा दांडा.

तीन हिवाळे गेले.
काल बिजागऱ्या न्यायला आली होती.
मी काही विचारलं नाही,
या धंद्यात विकल्यानंतर विचारत नाहीत.
निघताना दार अर्धं उघडं धरून,
सगळा वारा माझ्या दुकानात सोडत
तिनेच सांगितलं:
अठरा आहेत अजून.

म्हणजे दोन.
दोनदा एकेक, की एकदाच दोन?
मी बिलाच्या चवडीवर पक्कड ठेवली, उडू नयेत म्हणून,
आणि म्हटलं,
टेप सुटली असेल दस्त्याची. घेऊन ये कधीतरी.