आठ हजारांचा नियम

कुंभारीच्या पुढं, बंद पडलेल्या खडी-खाणीत
आम्ही ट्रॅक आखला चुन्याच्या फक्कीनं.
फक्की संपली तिथून पुढं
सुताचे रिकामे कोन उभे केले ओळीनं,
वळणावर लाल, उतारावर पिवळे.

मोठ्या रेसा बघितल्या होत्या आम्ही,
तारेच्या बाहेरून.
तिथल्या एका टायरच्या पैशात
जकप्पाचं घर दोन महिने चालतं.
म्हणून एमआयडीसीच्या कॅन्टीनवर बसून
आमचा आम्हीच वर्ग काढला:
शंभर सीसीच्या आतली,
पंचवीस वर्षांहून म्हातारी,
इंजिन मूळचं, चासी मूळची.
मडगार्ड उचला, हँडल वाकवा,
सीटमधला फोम काढून उशी करा, चालेल.
एन्ट्री दोनशे.
हेल्मेट नसेल त्यानं घरी जायचं.

मैनुद्दीन म्हणाला, "आज दोनशे बे.
उद्या कुणीतरी पुण्याहून पिस्टन आणतंय,
परवा आपण परत तारेबाहेर."

खरं होतं ते.
तेव्हा बिस्किटाच्या पुड्यावर
मीच लिहिला तो नियम, माझ्या अक्षरात:
जिंकणाऱ्याची गाडी
हरलेल्यांपैकी कुणीही मागावी
आठ हजारांत, तिथल्या तिथं.
नाही म्हणणारा वर्गाबाहेर.
मग आठ हजारांच्या गाडीत
चाळीस ओतायला वेडा कोण आहे?
त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे
कुणी घेतले नाहीत.

अकरा गाड्या आल्या.
एकीला दुधाच्या किटल्यांचे हूक तसेच होते.
एक भंगार बाजारातून किलोवर घेतलेली.
एकीच्या टूलबॉक्समध्ये
कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं,
सिद्रामनं ते काढलं नाही, म्हणाला, वजन किती असतंय त्याचं.

माझी एम-एटी वडिलांची.
साईडच्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं:
न. अं. बोद्धूल, १९९४.
साखर पेठेतून सुताचे गठ्ठे वाहिले तिनं,
आणि एकदा रात्री आईला,
मध्ये मला धरून, सिव्हिलपर्यंत.

सहाव्या फेरीला मल्लिनाथ पुढं होता.
मी जॉबर. माग बिघडायच्या आधी
त्याचा आवाज बदलतो, तो मला कळतो.
चढावर मल्लिनाथच्या इंजिनात
तो आवाज ऐकू आला,
मी मागंच राहिलो, धूळ खात,
आणि वर पोचेपर्यंत त्याचं इंजिन जाम.

जिंकलो.

हार घालेपर्यंत
सातवी आलेली अनसूया चिलवेरी समोर उभी.
रुमालातून नोटा काढल्या,
दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या,
आईची भिशी. विड्यांच्या तंबाखूचा वास.
"गाडी मागलालो," म्हणाली,
पोरांसारखंच बोलते ती.

मी मोजल्या.
परत मोजल्या.
सात हजार नऊशे नव्वद निघाव्यात
असं मनात आलं, खोटं कशाला सांगू.
आठ हजार होते.
पुडा मैनुद्दीनच्या खिशात होता,
त्यानं काढला नाही. काढायची गरज नव्हती.

चावी दिली.
ती किक मारत राहिली.
तीन. पाच. आठ.
मी कोन गोळा करत होतो,
लालात लाल, पिवळ्यात पिवळा,
पाठ तिच्याकडं.
नऊ. दहा.
कुणाला तरी हसू फुटलं.

"कलती कर की ग आधी,"
मी न वळता म्हणालो,
"तुझ्याकडं. अजून. आता मार."

एका किकला लागली.
वडिलांच्या हातालाही अशीच लागायची.
एवढं नियमात नव्हतं.

खाणीच्या तोंडापर्यंत धूर दिसला, मग तोही नाही.
मैनुद्दीनच्या मागं बसून घरी आलो,
खिशाला तंबाखूचा वास.
होटगी नाक्यावर त्यानं विचारलं,
"आता काय करलालास बे?"

"गाडी बघलालो," म्हटलं.
"आठ हजारांच्या आतली."