सातव्याचा डावा कान

झेरॉक्सच्या रद्दी कागदावर आधी चोवीस चौकोन आखले.
चौकोनात तास, तासात नाव,
नावाखाली बारीक अक्षरात
त्या वेळी घरात कोण ओरडणार नाही, ते.

खेळता मला येत नाही.
मी खानापुरात, दुकानाच्या माळ्यावर,
दोन लॅपटॉप, उसना यूपीएस
आणि एकच वाक्य घेऊन बसलेली:
पुढचा तयार हाय काय?

पोस्टर कुठल्या भाषेत, यात एक अख्खी रात्र गेली.
निपाणीचा भरमा रुसला, गोकाकचा विरूपाक्ष
दोन दिवस फोन उचलेना.
शेवटी मी नुसता कान काढला.
मोठा, वाकडा, पाळीला भोक असलेला.
कानाला कुणी हरकत घेतली नाही.

गोन्साल्विस बाईंनी शाळेचा खातेनंबर दिला,
देताना तीनदा विचारलं,
खेळून पैसे म्हणजे जुगार नव्हे ना गं?
नव्हे बाई. लोक खेळ बघतात, वाटलं तर देतात.
का देतात?
ते मलाही नीट सांगता आलं नाही.
नऊ मुलं. एका कानाचं यंत्र अकरा हजार.
अठरा कान, एवढंच गणित मी सांगितलं.

शनिवारी रात्री नऊला भरमानं फुटबॉल सुरू केला
आणि पहिल्याच मिनिटाला स्वतःच्या गोलात मारला.
एक्कावन्न रुपये आले.
परत मार, असं लिहून आणखी एक्कावन्न.

शारजाची तरन्नुम मुल्ला दीड तास उशिरा आली;
चूक माझी, तिचं घड्याळ मी उलटं मोजलं होतं.
तोवर विरूपाक्ष खेळत राहिला,
पोस्टरचं काही बोलला नाही.
कुणी विचारलं, ऊट आयता?
कुणी विचारलं, जेवलीस काय अक्का?
दोघांना मी एकच उत्तर दिलं: चहा.

दोन चाळीसला करंट गेला.
यूपीएस किंचाळला, समोरचं कुत्रं किंचाळलं,
आणि अंधारात मी एकशे बारा अनोळखी माणसांना
जाऊ नका, जाऊ नका असं टाईप करत राहिले.
एकोणतीस गेले.
का गेले म्हणून मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे.

चारला उगारचा प्रज्वल, ट्रकचा खेळ.
पडद्यावर परदेशातला गुळगुळीत रस्ता, बर्फ.
त्याचे वडील त्याच वेळी खरा ट्रक घेऊन
चोर्ला घाटाच्या अलीकडं, टपरीशी थांबलेले.
मेसेज आला: उतार हाय, गिअर बदल.
पाठोपाठ दोनशे एक.
प्रज्वलनं गिअर बदलला
आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाही.
बघणारेही बोलले नाहीत.

दुपारी सगळं मंद झालं. रविवार जेवून झोपला.
एका तासात फक्त दहा रुपये,
तेही बहुतेक माझ्या मामानं.

रात्री नऊला एक लाख त्रेचाळीस हजार दोनशे दहा.
मी भागाकार केला. पुन्हा केला.
सहा मुलांचं झालं,
आणि सातव्याचा डावा कान.
वरचे दोनशे दहा तसेच उरले,
आणि यादीत सातवं नाव कुणाचं लिहायचं,
हेही.

मग वसतिगृहाचा कॅमेरा जोडला.
नऊही जण ओळीत, तेल लावून भांग पाडलेले.
यादीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
बाईंनी खूण केली
आणि अठरा हात वर गेले,
बोटं पसरून, मनगटातून थरथरत,
त्यांच्या शाळेत टाळ्या अशाच वाजवतात.

माझ्यासमोर आवाजाची पट्टी सपाट, हिरवी.
भराभर ओळी यायला लागल्या:
आवाज गेला काय?
सौंड बरवल्दु, अक्का.
माईक बघ की गं.

मी माईक बघितला नाही.