मीटर वाचणारा

चाळीस दिवस दाढी करायची नाही, अशी आमच्याकडे रीत.
एकोणिसाव्या दिवशी कडी वाजली.
दारात ओतिया,
खाणीतली माझी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली,
काखेत केतोची भूगोलाची वही.
"वीज कंपनीतून आलोय. बेसारिओन माझं नाव.
मीटर कुठे आहे तुमचा?"

सहा वर्षांचा आहे. सहाचा आकडा अजून उलटा काढतो.

मी म्हणणार होतो, पुरे रे आता.
पण त्सिआला उठली,
काळ्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या
आणि स्टूल सरकवलं त्याच्याकडे:
"बसा. चढून आलात सहा मजले?"
"लिफ्टला नाणं लागतं," तो म्हणाला, "कंपनी देत नाही."

मग दर दोन-तीन दिवसांनी यायला लागला बेसारिओन.
फ्रीजला कान लावायचा, शिलाई मशीनच्या चाकाला बोट,
आणि काहीतरी लिहायचा.
चादर घातलेल्या आरशासमोर थांबून म्हणाला,
"हा बंद आहे. ह्याचे पैसे नाही लागणार."
आम्ही त्याला अहो-जाहो करू लागलो,
तो आम्हाला.
इतक्या दिवसांत त्या घरात
कुणी कुणाशी एवढं नीट बोललं नव्हतं.

केतोच्या खोलीपाशी मात्र तो बाहेरूनच वाकून बघायचा.
आत दिवा नाही, पंखा नाही,
खिडकीच्या कठड्यावर मँगनीजची काळी धूळ
आणि दवाखान्यातली लोकरीची टोपी.
"इथे वापर चालू आहे," त्यानं वहीत लिहिलं.
मी विचारलं नाही कसला.

एका रविवारी त्सिआलानं त्याला चहा दिला, खऱ्या कपात.
"घरी कोण कोण असतं, बेसारिओन?"
"आई. तिचा गुडघा धरतो.
आणि बहीण आहे. कुताइसीला असते, पाव भाजायला शिकते."
कपाची कड त्याच्या दातांवर वाजली.
खाली नदीवरून रोपवेचा पाळणा
कुरकुरत गेला, एक आला, एक गेला.
त्सिआलानं साखरेचा डबा उघडला, लावला,
पुन्हा उघडला.
"बरी आहे का ती?"
"हो. केस आलेत परत. खांद्याला लागतात.
पण फोनवर फार बोलत नाही. भट्टी तापलेली असते ना."
मी उठून बाल्कनीत गेलो.
सिगारेट पेटवायला तीन काड्या लागल्या.

निघताना त्सिआलानं त्याच्या मुठीत नाणं ठेवलं:
"आज लिफ्टनं जा."

लिफ्ट निघाली, आणि चौथ्याच्या खाली कुठेतरी
सगळ्या इमारतीची वीज गेली.
ही जाते आमच्या गावात, त्यात विशेष काही नाही.
मी काळोखात पायऱ्या उतरलो, भिंत चाचपत.
"बेसारिओन?"
बराच वेळ काही नाही.
मग पत्र्याआडून रुबाबात:
"बिल भरलं नव्हतं का तुम्ही?"
"भरतो," म्हटलं. "उद्याच भरतो."
कुणीतरी वरच्या मजल्यावर मेणबत्ती शोधत होतं,
खण उघडल्याचे आवाज.
"ए बाबा."
"काय?"
"इथे काहीच दिसत नाही."
मी पायरीवर बसलो. दाढी गळ्याशी टोचत होती.
"बेसारिओन आहे ना सोबत?"
"नाही. तो गेला," आतून आवाज आला.
"कुठे?"
"बहिणीकडे."

लिफ्टच्या दाराला फट होती, फार नाही.
मी बोटं घातली, मावली तेवढी, तीनच.
पलीकडून कुणीतरी ती धरली
आणि वीज आल्यावरही
सोडली नाहीत.