घंटांचा डबा

उद्या मतदान. म्हणून आज
सकाळपासून मी सायकलींच्या घंटा काढतोय.
एकोणतीस झाल्या. दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकल्यात.
कोणती कुणाची, ते खडूने फळीवर लिहिलं होतं,
शेळीने चाटून टाकलं.

आमच्या गाम्बियात मत म्हणजे गोटी.
काचेची, लहानपणी जिंकायचो तसलीच.
पडद्याआड रंगीत पिंपं उभी असतात,
आवडत्या पिंपाच्या नळीत ती सोडायची.
आत घंटीवर आपटते: टण.
एकदाच. मग खालच्या भुशात गप्प.
बाहेर बाकावरचे अधिकारी कान देऊन असतात.
दोनदा वाजलं तर भानगड.
म्हणून केंद्राच्या आसपास सायकल नको,
आणि म्हणून मी, कुंताउरचा पंक्चरवाला,
पाच वर्षांतून एकदा
सरकारी कामाचा माणूस होतो.

गेले चार महिने मी रेडिओच्या पोटात राहतोय.
कोण कुणाला मिळाला, कोण फुटला,
कुणी नदीवर पूल कबूल केला (हा तिसरा पूल,
नदी एकच आहे).
संध्याकाळी दुकानापुढे चहाची किटली निखाऱ्यावर,
पहिला घोट कडू, तेव्हा डेम्बो मास्तर बोलतात.
दुसऱ्याला सान्कुंग त्यांना खोडून काढतो.
तिसरा गोड होईपर्यंत
दोघं एकमेकांशी बोलायचे थांबलेले असतात.
न्यिमा म्हणते, ‘तुला कुणी मंत्री करणारे का?
ती ट्यूब बघ आधी.’
खरंय. पण ट्यूबमधली हवा कुठून जाते
ते पाण्यात धरल्याशिवाय कळत नाही,
आणि देश एवढ्या घमेल्यात मावत नाही.

मतदानाच्या दिवशी धुळीचा वारा सुटला होता.
माझ्यापुढे न्यिमा. ती आत गेली
आणि मी कानात प्राण आणून उभा.
टण.
बावीस वर्षांचा संसार, पण त्या आवाजावरून
पिंपाचा रंग काही कळला नाही.
तिने सांगितला नाही. मीही नाही.
बोटांना शाई घेऊन दोघं घरी आलो, शेंगदाण्याचं कालवण जेवलो.

रात्री मोजणी तिथेच, कंदिलाच्या उजेडात.
दोनशे भोकांची लाकडी पाटी,
भोक भरलं की गोटी दिसते, लपवायला जागा नाही.
मी वहीत लिहीत होतो. त्रेपन्न मतदारसंघ,
रेडिओवरची बाई झोपेतून बोलल्यासारखी आकडे सांगत होती,
सातचा एक झाला की काय म्हणून
मी तीनदा बेरीज केली.
आमच्या केंद्रावर माझा माणूस सतरांनी पडला.
सतरा गोट्या. एका मुठीत येतील, माझ्या मुठीत.
पालेर्मोहून तोम्बोंगचा फोन: ‘बा, कोण येतंय?’
तिथे तो संत्री खोक्यांत भरतो.
त्याची गोटी कुठेच पडली नाही.
मी गावातून गेलेल्या पोरांची नावं मोजू लागलो,
अकरावर आलो आणि वही मिटली,
कारण ते कुणाच्या पिंपात गेले असते
हे मी कशावरून ठरवत होतो?

देशात कोण आला ते तुम्हाला ठाऊक असेल.
हरलेल्याने पहाटे रेडिओवर अभिनंदन केलं,
आवाज बसलेला होता. सान्कुंग रडला,
मग म्हणाला धूळ गेली.
डेम्बो मास्तरांनी त्याला स्वतःचा तिसरा पेला दिला,
एवढं त्यांना आयुष्यात जमलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता दुकानापुढे रांग. प्रत्येकाला आपलीच घंटा हवी.
‘माझी चकचकीत होती,’ असं सगळेच म्हणतात.
ज्याची गंजकी, तो चांगली घेऊन हसत गेला,
ज्याची चांगली, तो माझ्या नावाने बोटं मोडतोय.
मी म्हणतो, पुढच्या खेपेला बघू.
बसवली की प्रत्येक घंटा वाजवून बघतो, टण, टण,
आणि पलीकडच्या अंगणातून
नव्वदीची, ऐकू कमी येणारी याहारा आजी ओरडते:
‘अरे, अजून कोण मत देतंय?’