गुरुवारचे ढलपे

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात
आमची वखार. मी काट्यावर बसते.
सासऱ्यांनी खडूनं मांडलेले आकडे अजून भिंतीवर आहेत,
मणांत. मी किलोत लिहिते.

यमनप्पा अफझलपूरकडचा. सत्तावीस वर्षं कुऱ्हाड त्याची.
ओंडका आला की आधी उलट्या कुऱ्हाडीनं दोनदा ठोकायचा,
कलिंगडाला टिचकी मारतात तसा,
मग त्याच्याभोवती एक फेरी,
मग पाय रोवून, श्वास धरून

हं.

सुबाभूळ हसत फुटते, म्हणायचा. चिंच भांडते.
गुलमोहर म्हणजे ओला पाव,
कुऱ्हाड आत घेतो आणि सोडत नाही.

मशीन मी आणलं. बोळात वाटतं, बाईनं गड्याचं पोट मारलं.
त्या सकाळी सदऱ्याची उजवी बाही त्याच्या हातात चढेना.
माझ्यासमोर उभा राहून झगडला,
मग सदरा तसाच खांद्यावर टाकून म्हणाला,
"ताई, ते दाबावर फोडणारं, भोसरीत मिळतंय ना?"

आलं. लाल रंगाचं, हप्त्यावर.
पाचर पुढं सरकते. घाई नाही, राग नाही.
ओंडका थोडा वेळ कुरकुरतो
आणि कबूल होतो.
चिंचसुद्धा. गाठीतून, आडव्या रेषेतून, कुठूनही.
कोंढव्याच्या बेकरीला आता दुपारच्या आत माल जातो.
मुनाफभाईंना विचारलं, भट्टीत काही फरक?
"पाव फुगतोय ना? मग झालं."

एकदा शंकरशेट रस्त्यावरचं पडलेलं झाड आलं.
यमनप्पा गावाला. दांडा पोरानं ओढला.
खण्.
लाकडाच्या पोटात खिळा, खिळ्याला पत्रा,
पत्र्यावर त्याच झाडाचा नंबर,
कधीकाळी कुणी ठोकलेला, झाडानं सावकाश गिळलेला.
पाचरीचा कोपरा उडाला. आठ हजार.
परत आल्यावर यमनप्पानं तो तुकडा खालीवर करून पाहिला.
"वाजवलं असतं तर त्यानंच सांगितलं असतं."

आता मशीनवर चढवण्याआधी प्रत्येक ओंडका दोनदा वाजतो.
आणि दांडा ओढताना,
जिथं दोन बोटांचा जोर पुरतो तिथं,
तो अजून हं म्हणतो.
पोरं हसतात. मी वहीत बघते.

एक गोष्ट मात्र मी हिशोबात धरली नव्हती.
कुऱ्हाडीचे ढलपे उडायचे, पार काट्याखाली यायचे.
संध्याकाळी कौसाबाई घमेलं घेऊन यायची,
बंबापुरते वेचायची.
त्याचे पैसे कधी कुणी घेतले नाहीत, म्हणून नोंदही नाही.
मशीन ढलपा पाडत नाही. दोन तुकडे, चार तुकडे, खाली थोडी साल.
पहिल्या आठवड्यात ती आली, जमीन पाहिली,
मशीन पाहिलं,
रिकामं घमेलं लेकरासारखं कडेवर घेऊन गेली.

गुरुवारी आमच्या भागात वीज नसते, दुरुस्तीसाठी.
त्या दिवशी यमनप्पा खुंटीवरची कुऱ्हाड काढतो.
डॉक्टर नको म्हणतात, मीही म्हणते.
"पाचच," तो म्हणतो.
मी मोजते. आठ होतात.
नववा उचलला की मी काट्यावरून उठते.
तोवर ढलप्यांचं एक घमेलं भरलेलं असतं.

गेल्या गुरुवारी वीज गेलीच नाही.
अकरा वाजले, बारा वाजले, मशीन चालूच.
साडेपाचला दारात कौसाबाई, काही न बोलता.
यमनप्पानं दांड्यावरचा हात काढला नाही,
फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी उठले. भिंतीवर मणांचे आकडे, त्यांच्या शेजारी खटका.
खाली पाडला.

"गेली बघा," म्हणाले.