आमचा एकुलता अल्बम

रेकॉर्डिंग वडगावात झालं,
बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये.
भाडं नाही, अट एकच:
शेजारच्या शेडमधले बारा माग चालूच राहणार,
त्यांना थांबा म्हणायचं नाही.
म्हणून पहिल्या गाण्यात माझ्या ड्रमच्या पाठीमागे
अजून कुणीतरी ड्रम बडवतंय असं वाटतं.
ते हे बारा जण.
कव्हरवर त्यांची नावं घालायची राहिली.

बँडचं नाव तिसरं गेट.
फाटक पडलं की भेटायचो तिथंच.
मी उद्यमबागेतून सुटलेला, नखांत लेथचं तेल,
बसलिंग सायकलवर, पाठीला बास गिटार,
साखरेच्या पोत्यात बांधलेली.
सातेरी कायम उशिरा
आणि कायम मालगाडीला दोष देत.

कॉर्ड तीनच येत होत्या.
चौथी शिकायला बसलिंग हुबळीला गेला
आणि लग्न ठरवून परत आला.

हुसेन सापडला अनगोळच्या एका वरातीत.
घोडा बिथरेल इतक्या जोरात बेंजो वाजवत होता.
सातेरी म्हणाला, हेच पाहिजे,
अमेरिकेत गुराख्यांची गाणी अशीच असतात.
हुसेन म्हणाला, गुराख्याचं मला काय सांगूलास गा?
माझा आजा सांबऱ्याला गुरंच राखत होता.
आता तिथं विमानं उतरतात.
तीही सांजच्याला घरला जातात.

‘रोमिंग’ हे गाणं दीड मिनिटाचं, नुसतं ओरडायचं.
पोरगी शिनोळीची,
तिच्या दारात फोनला दुसरं राज्य लागतं:
तुझ्या ओट्यावर मी महाग
तुझ्या परसात मी स्वस्त
आत बोलव की एकदा
दर तरी कळू दे.

‘फूटपट्टी’ त्या साहेबावर,
जो दुकानाची पाटी मोजायला स्टुलावर चढला,
कुठलं अक्षर किती मोठं, कुठलं किती बारकं.
अक्षर कानडी, अक्षर मराठी,
इंच मात्र इंग्रजाचा.
खानापूरच्या गॅदरिंगला हे वाजवलं तेव्हा
अर्धं पटांगण ओरडलं मराठीत म्हणा,
अर्धं ओरडलं कानडीत.
सातेरीनं आणि बसलिंगनं
एकाच वेळी दोन्हीत म्हटलं.
कुणालाच काही कळलं नाही.
टाळ्या मात्र दोन्हीकडून पडल्या.

शेवटचं संथ गाणं, हायवेवरच्या ट्रकचं.
दुसरं कडवं चालू असताना लाइट गेली.
अँप मेला. सातेरीचा आवाज एकदम माणसाएवढा झाला.
आणि भिंतीपलीकडे
एक माग थांबला, मग दुसरा, मग चार,
मग सगळे.
एवढी शांतता वडगावात मी कधी ऐकली नव्हती.
हुसेन वाजवतच राहिला,
अंधारात, नुसत्या तारा,
रेकॉर्डिंग बसलिंगच्या फोनवर.
दारात शेजारचे हणमंतप्पा बुचडी येऊन उभे,
बोटाला तुटका धागा गुंडाळलेला.
गाणं संपल्यावर म्हणाले,
चलो ऐती.
ते तसंच ठेवलंय, कापलं नाही.
आमच्या अल्बमचं तेवढंच परीक्षण.

दोनशे सीडी काढल्या, सेहेचाळीस खपल्या,
त्यातल्या अकरा सातेरीच्या मावशीनं घेतल्या.
उरलेल्या कडोलीला, मामाच्या मक्यात,
सुतळीला टांगल्यात, पाखरं भिऊन पळावीत म्हणून.
पहिला आठवडा पळाली.
मामा सांगतो, आता सीडीशेजारीच बसतात.

तिसऱ्या गेटावर पूल झाला.
कुणालाच थांबावं लागत नाही आता.
म्हणूनच बँड मोडला, सातेरी म्हणतो.
अजूनही गाडीलाच दोष.