मोजणी

तेवीस वर्षं मी दुसऱ्यांची जमीन चाललो.
कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडची मुरमाड रानं,
पायाखाली पऱ्हाटीची खुटं,
मागं लिंबाजी साखळी ओढत,
आणि दोन्ही बाजूंनी भाऊबंद, डोळ्यांत तेल घालून.
शिव्या खाल्ल्या, कुणाच्या फडक्यातली भाकर खाल्ली.
रात्री पाठ टेकली की थेट सकाळ.

मग मशीन आलं.
काठीवर उभं राहतं, आभाळाला विचारून घेतं.
पोरं चालवतात ते. हुशार आहेत, तक्रार नाही.
मला हिंगोलीच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, पंख्याखालची.
सगळे म्हणाले, सुटलात बुवा उन्हातून.

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही.
काही झालंच नव्हतं.
घरातलं कुणी गेलं नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं,
पोरगी नांदेडला शिकत होती, फोन करायची.
फक्त दुपारी नकाशावरची रेघ दोनदा दिसायची,
आणि रात्री तीनला जाग यायची,
कुणी दार वाजवल्यासारखी.
माझ्या सातबाऱ्यावर, इतर अधिकाराच्या रकान्यात,
कुणाचं तरी नाव चढलं होतं.
मला नोटीस नव्हती.

मथुरा विचारायची, काहून बोलंना झालेत?
मी म्हणायचो, काही नाही.
त्या वर्षीचं माझं सगळ्यात लांब वाक्य.

दवाखान्यात गेलो. गोळ्या दिल्या.
अजून घेतो, लपवत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालत जा रोज.
मी मान हलवली, आणि रिक्षानं घरी आलो.

एका पहाटे दारात लिंबाजी.
रिटायर होऊन तीन वर्षं, अंगात तोच खाकी स्वेटर.
"साहेब, धुरा कधी फिरलात शेवटचा?"
मला कुठं शेत आहे, लिंबाजी?
"हाय की," म्हणाला,
आणि पायानं माझी चप्पल पुढं सरकवली.

पहिल्या दिवशी पिठाच्या गिरणीपर्यंत.
दम लागला. कट्ट्यावर बसलो.
त्यानं बिडी काढली, माझ्याकडं पाहिलं, परत ठेवली.
दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही.
तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात.

कयाधूच्या पुलापर्यंत कधी पोचलो, ते लिहून ठेवलं नाही,
आणि मी तर नोंदी करणारा माणूस.
एवढं आठवतं की शर्ट पाठीला चिकटला होता,
हुरड्यात आलेल्या ज्वारीवरून भोरड्यांचा थवा उठला,
कुणीतरी चादर झटकावी तसा वळला,
आणि मी म्हणालो, "बघ."
लिंबाजी हसला. त्याला थवा नवा नव्हता.
त्या रात्री तीनला नाही, पाचला जाग आली.

ते गेलं असं म्हणणार नाही.
मोजणीतला माणूस आहे, खोटी खूण रोवणार नाही.
शेजारी आहे तो. दर नांगरटीला
धुऱ्यातला एक तास कोरून आत येतो,
कळू न देता.
म्हणून फिरावं लागतं. उन्हाळा असो, पाय दुखो,
मन म्हणो की आज कशाला.
तो एक तास खातो,
मी एक तास चालतो.
काही दिवस तो जिंकतो.

आज लिंबाजीचा गुडघा सुजलाय.
मी त्याच्या दारात उभा राहिलो,
तो बाजेवर, पायाला रुईचं पान बांधलेलं.
म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मी हितून धरतो."
काय धरतो, ते विचारलं नाही.

गिरणी गेली. वळण गेलं.
मागं वळून बघितलं नाही,
पण पुलापर्यंत हाताला
साखळीचा ताण होता.